राजोडीच्या लग्नात गप्प झालेला कर्णा

दादा,

तू गेल्यापासून ओट्यावर माणसं येऊन बसतात आणि जवळजवळ सगळी एकच बोलतात. "एका हाताचा माणूस, पण बहिणीला अंतर दिलं नाही." मी आत चहा गाळत असते. कप बाहेर नेते, मान खाली घालते, आणि त्यांना वाटतं हिला रडू आवरत नाही. मला रडू येत नाही रे. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि भांडण अर्धं टाकून तू उठून गेलास. ही तुझी जुनी खोड. ताटावरून उठायचास, मांडवातून उठायचास, आता एकदम घरातूनच उठलास.

आपण घरात बोलायचो ती बोली मला कागदावर उतरवता येत नाही. नंदाखालच्या शाळेत जी शिकवली तीच भाषा लिहिता येते. त्यामुळे हे तुला जरा परक्यासारखं वाटेल. वाटू दे.

लढाई संपली आणि तू लष्कराच्या बिनतारी कारखान्यातून परत आलास, तेव्हा तुला दोन्ही हात होते. आई कधीच गेली होती, बाबा आदल्या वर्षी गेले होते, आणि केळीची वाडी नि मी अशा दोन गोष्टी तुझ्या गळ्यात पडल्या. वाडीकडे तू बघितलंही नाहीस. मुंबईच्या जुन्या बाजारातून लष्कराचा मोडका अँप्लिफायर आणलास, ओट्यावर उघडलास, आणि आख्खा पाऊसकाळ त्याच्यात डोकं घालून बसलास. मी म्हटलं, "ह्या पेटाऱ्याला केळी लागणारेत का?" तू वर न बघता म्हणालास, "केळी बोलत नाहीत. हा बोलेल."

तो बोलला. ती सकाळ मी विसरलेली नाही. तू कर्णा नारळाच्या झाडाला बांधलास, बॅटरीची वायर जोडलीस, माईक माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "बोल काहीतरी." मला काही सुचेना. मी म्हटलं, "कोण आहे?" माझा आवाज सगळ्या वाड्यांवरून फिरून आला, आणि पलीकडच्या वाडीतून म्हातारी काकी ओरडली, "आम्हीच गो, येसू! तू कुठून बोलतेस?" आपण दोघं इतके हसलो की तू खाली मातीत बसलास. तुझं ते हसणं मी जपून ठेवलंय. त्यानंतर तसं फार मिळालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रहाटानं तुझा उजवा हात नेला. बैल फिरवायचा त्या चाकाच्या दातांमध्ये झावळीचा तुकडा अडकला होता. तू बैल थांबवला नाहीस, नुसता हात घातलास. बैल एक पाऊल चालला. बोटं गेली, अंगठा नि तळव्याचा तुकडा राहिला. बैलाचा काही दोष नव्हता, पण तू तो विकलास, आणि कोणाला विकलास ते मला कधी सांगितलं नाहीस.

मग तू माझ्याकडे बघायला लागलास. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे.

तू मला कसं शिकवलंस ते लोकांना माहीत नाही. डाख देण्याची सळई शेगडीवर तापवायची, कथील वितळलं की एका श्वासात जोड लावायचा, आणि जोड खडबडीत दिसला की तू बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचास. एकदा अँप्लिफायरची पेटी चालू असताना आतल्या एका टोकाकडे बोट दाखवून म्हणालास, "इथं हात लाव." मी विचारलं, "काही होणार नाही ना?" तू म्हणालास, "लाव म्हटलं ना." मी लावला, कारण तू माझा भाऊ होतास. बॅटरी बारा व्होल्टची, पण पेटीच्या आत त्याचे तीनशे होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी भिंतीवर आपटले. जीभ दाताखाली आली, तोंडात रक्त. तू जागचा हलला नाहीस. म्हणालास, "आता जन्मात विसरणार नाहीस. एक हात कायम पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही." हे आधी सांगता आलं असतं, दादा. हे तोंडानं सांगण्यासारखं होतं.

पण विसरले नाही, हेही खरं. पदर कमरेला खोचायचा, डावा हात पाठीमागे त्या पदरात अडकवायचा, आणि एकट्या उजव्यानं काम करायचं. कधी कधी मला वाटायचं, तू मला तुझ्यासारखंच करून घेतलंयस.

आणि ऐकायला तू शिकवलंस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. मला डोळे मिटून बसवायचास, पेटीतला एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे ती तापणारी काचेची नळी, ढिला करायचास नि विचारायचास, "कुठला?" छोटा व्हॉल्व्ह ढिला झाला की आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. शेवटच्या दोन मोठ्यांपैकी एक दमला की आवाज घोगरा होतो, सर्दी झाल्यासारखा. छोटे व्हॉल्व्ह आवाज उचलून पुढे देतात, मोठे दोन तो खांद्यावर घेऊन कर्ण्यात टाकतात, अशी तुझी समजवण्याची पद्धत. मी बरोबर सांगितलं की तू काही बोलायचा नाहीस, नुसता पुढचा व्हॉल्व्ह ढिला करायचास. तुझं ते न बोलणं म्हणजे शाबासकी, हे समजायला मला फार वेळ लागला.

मग लग्नं, सण, देवळातले सप्ताह, चर्चची जत्रा. बैलगाडीत पेटी, बॅटऱ्या, कर्णे. पुढे तू, उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, डाव्या हातात माईक, "हॅलो, हॅलो." मागे कापडाच्या आडोशाला मी. लोकांना वाटायचं, ही भावाला वस्तू हातात द्यायला येते. तू कधी कोणाला वेगळं सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

वेगळं कळलं ते एकालाच, राजोडीच्या मोरेश्वरला. केळीची गाडी घेऊन तो आपल्या वाडीत यायचा. एकदा ओट्यावर मी पेटी उघडून बसले होते, तर तो खाली उकिडवा बसला आणि मला विचारलं, "ह्यातलं जळतंय ते काय?" तुला नाही, मला विचारलं. मी सांगितलं. त्याला कळलं नाही, पण सगळं ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात त्याच्या घरची माणसं मला बघायला आली. मी पोहे केले, त्याच्या आत्यानं माझे हात हातात घेऊन पाहिले. आपल्या काकांनी शब्द घेतला. आणि मग काहीच नाही. निरोप नाही, माणूस नाही.

"त्यांना दुसरं स्थळ मिळालं असेल," तू म्हणालास.

त्यानंतर आगाशीचं एक स्थळ येणार होतं, ते आलं नाही. निर्मळचं आलं, ते पाणीही न पिता उठलं. मला वाटलं माझ्या रंगामुळे. मी रोज सकाळी विहिरीवर डाळीचं पीठ नि हळद चोळायची, कातडी सोलून निघेपर्यंत. तू दात घासत तिथंच उभा असायचास. बघत असायचास. दादा, तू रोज बघत होतास.

आणि मग मोरेश्वरचं लग्न ठरलं, आणि कर्ण्याचं काम घेऊन त्याचा काका आपल्याकडेच आला. तू हो म्हणालास. मी म्हटलं, "मी येणार नाही." तू म्हणालास, "मग व्हॉल्व्ह कोण बघणार? माझा रुमाल?"

मी आले.

राजोडीला मांडव सुरूच्या झाडांच्या अलीकडे होता, समुद्राचा वारा सरळ अंगावर. सकाळपासून गाण्यांच्या तबकड्या वाजत होत्या आणि सकाळपासूनच मला आवाज बरा वाटत नव्हता. किंचित जाडसर. मी तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालास, "वाऱ्यानं तसं वाटतं." नवरा-नवरी अंतरपाटाशी उभी राहिली, भटजींनी माईक घेतला, आणि पहिल्या मंगलाष्टकाच्या मधोमध आवाज घोगरा झाला, कर्ण्यात 'टक' झालं, आणि सगळं गप्प. बायका हसल्या. भटजी माईकला थापट्या मारायला लागले.

तू आडोशाला आलास. "काय केलंस?"

"मी काही केलं नाही. फ्यूज गेलाय."

नवा फ्यूज घातला, तोही लगेच उडाला. मग मी तू शिकवलंस तसंच केलं. बॅटरी पाहिली, ठीक. मोठे दोन्ही व्हॉल्व्ह काढले, फ्यूज टिकला. उजवा परत लावला, टिकला. डावा लावला, उडाला. म्हणजे डावा गेला होता. मी तो फडक्यात धरून उन्हात पाहिला. काचेच्या आतला काळा पत्रा एका बाजूनं भाजल्यासारखा पांढुरका झाला होता. तो पत्रा लाल होऊन तापला होता, लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखा. चांगला व्हॉल्व्ह आपोआप असा लाल होत नाही. त्याला कोणीतरी तापवावं लागतं.

तेवढ्यात मोरेश्वरची आत्या मागून आली. जिनं माझे हात पाहिले होते तीच. हातात पाण्याचा तांब्या. वाईट बाई नव्हती ती.

"अगो बाय, उन्हात अशी वाकून बसू नको," ती म्हणाली. "तुला फिट येईल."

"कसली फिट?"

"लपवतेस कशाला? लग्नाघरी मी कोणाला सांगणारे थोडीच. तुझ्या दादानंच तर सांगितलं म्हणे, हिला लहानपणापासून झटके येतात. म्हणून तर आमच्या मोरूचं राहिलं. नाहीतर मुलगी आम्हाला पसंत होती."

मी तिच्या हातचं पाणी प्यायले. काय करणार होते? तांब्या परत दिला. आगाशी, निर्मळ, सगळी स्थळं एकदम कळली. विहिरीवरची डाळीच्या पिठाची वाटी कळली. गेलेला व्हॉल्व्ह फडक्यात धरून मी तशीच बसले होते, आणि नेमका तेव्हाच तू आत आलास.

"बसलीस कशाला? नवा व्हॉल्व्ह घाल."

आपल्याकडे एकच नवा होता. मी म्हटलं, "थांब. डाव्याला कोणीतरी मारलंय. घातला तर हाही जाईल." मी रिकाम्या खोबणीत मीटरची सुई लावली. जिथं शून्य दिसायला हवं तिथं काटा वर चढला. छोट्या नि मोठ्या व्हॉल्व्हच्या मध्ये एक कंडेन्सर असतो, तो आवाज पुढे जाऊ देतो आणि मोठं व्होल्टेज अडवतो, हे तूच शिकवलेलं. तो गळत होता. आतलं व्होल्टेज झिरपून मोठ्या व्हॉल्व्हच्या मानेवर बसत होतं. मी तुला काटा दाखवला.

"मीटर बिघडलाय," तू म्हणालास.

"मीटर ठीक आहे. एका व्हॉल्व्हवर चालवू. आवाज अर्धा येईल, पण येईल. मंगलाष्टकं होऊ दे."

"अर्धा आवाज?" तू मांडवाकडे बघितलंस. सगळे आपल्याकडेच बघत होते. मोरेश्वरचा काका ओरडला, "गजानन, जमत नसेल तर भटजींना नुसतं बोलू दे!" कोणीतरी म्हटलं, "हात एक, पेटी मोठी!" आणि पिकली खसखस. तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. तू आडोशाचं कापड बाजूला केलंस, सगळ्यांना दिसेन अशी मला उघडी पाडलीस, आणि मोठ्यानं म्हणालास, "बायकांच्या हाती काम दिलं की असं होतं."

मग माझ्या हातातून नवा व्हॉल्व्ह घेतलास आणि डाव्या हातानं खोबणीत दाबलास. फ्यूज पुन्हा उडू नये म्हणून त्याच्या जागी जाड तार पिळलीस. मी कोवळ्या वयात एकदा फ्यूजच्या जागी अशीच तार घातली म्हणून ज्या माणसानं मला पट्टीनं मारलं होतं, त्यानं.

आवाज आला. मोठा आला. भटजी सुरू झाले, लोक अक्षता टाकायला लागले, तू माझ्याकडे बघून हसलास. मी काचेकडे बघत होते. पत्रा आधी तपकिरी झाला, मग लाल.

"बंद कर, दादा. लाल होतोय."

"शेवटचं मंगलाष्टक चाललंय."

"बंद कर!"

तू केलं नाहीस. व्हॉल्व्ह गेला, आणि जाड तारेमुळे जे थांबायला हवं होतं ते थांबलं नाही, ट्रान्सफॉर्मर जळाला. पेटीतून मेण जळल्याचा वास नि काळा धूर. 'सावधान' कोणाला ऐकूच आलं नाही. लोकांनी अंदाजानं टाळ्या वाजवल्या.

आता एक खरं सांगते. तू जन्मभर मला विचारत राहिलास, तू मुद्दाम केलंस ना? मी केलं नाही. पण धूर निघाला तेव्हा मला बरं वाटलं. तुझा चेहरा, तुझा रुमाल, तुझी ती जाड तार. मला फार बरं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कंडेन्सर पेटीतून कापून काढला. त्याच्यावरचं मेण फुटलं होतं, आतला कागद दमट, बोटाला खारट. समुद्राच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं फिरवलेला लष्कराचा जुना माल. मी तुझ्यासमोर ठेवला. तू उचललास आणि केळीत भिरकावून दिलास.

"मोरेश्वरचं लग्न, म्हणून जाळलास तू अँप्लिफायर."

"त्यांना माझ्या फिटचं कोणी सांगितलं, दादा?"

मला आशा होती की तू नाही म्हणशील. खोटं का होईना. तू रहाटाकडे बघत म्हणालास, "मीच. मला तुझे हात हवे होते."

"आणि मी?"

"तू काय, हातांबरोबर आलीस."

हे वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही. ओट्यावर येणाऱ्यांना तर मुळीच नाही.

मी गेले नाही. जायचं कुठं? सगळ्या गावांत माझ्या फिटची बातमी माझ्या आधी पोचली होती. आणि खरं सांगायचं तर मला पेटी आवडायची. मी ट्रान्सफॉर्मरची जळलेली तार नव्यानं गुंडाळून आणवली, सगळे जुने कंडेन्सर बदलले, आणि आपण पुन्हा गाडी जुंपली. कामापुरतं बोललो. "वायर दे." "बॅटरी उतरलीय." "जेवलास?" एवढंच. लोकांसमोर मात्र तुझं तोंड सुटायचं. "हिला विचारा, राजोडीला काय केलं ते." लोक हसायचे. मी कापडाआड बसून ऐकायची.

मग तुला कावीळ झाली आणि ती उतरेचना. झाडपाला झाला, वसईचा डॉक्टर झाला. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. शेवटच्या दिवसांत तू माझ्या हातानं पेज प्यायचास, आणि तोंड पुसलं की शिव्या घालायचास. त्या दुपारी तू शुद्धीवर होतास. माझं मनगट धरलंस.

"येसू, आता तरी सांग. राजोडीला मुद्दाम केलंस ना?"

मला कळत होतं तुला काय हवंय. मी हो म्हटलं असतं तर तुझी तार, तुझा हट्ट, सगळं धुऊन निघालं असतं. तू सुखानं गेला असतास. एका शब्दाचं काम होतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि म्हटलं, "कंडेन्सर गळका होता, दादा. दुसरा व्हॉल्व्ह तू मारलास."

तू भिंतीकडे तोंड केलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलास, तोपर्यंत पुन्हा बोलला नाहीस.

तुझं दहावं झालं नि दुसऱ्याच दिवशी पाचूबंदरचा एक कोळी आला. नवी होडी पाण्यात सोडायची आहे, कर्णा पाहिजे. ओट्यावर बसला, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला. मग म्हणाला, "बाय, आता कर्ना घेऊन कोन येल?"

"मी येईन."

तो हसला. "तू? आनि आतलं काय बिघडलं तं?"

"आतलं मीच बघते. आधीपासून."

"बरं, घरी इचारतो," म्हणाला, आणि गेला. पुन्हा आला नाही. तू एकदाच जरी कापड बाजूला करून, बायकांच्या नावानं बोटं न मोडता, "ही बघते सगळं" एवढं म्हटलं असतंस, तर तो आला असता. तू माझ्यासाठी हे मागे ठेवलंस.

आणि काल मोरेश्वर आला.

केस पिकायला लागलेत त्याचे. ओट्यावर बसला, चहा घेतला, इतर माणसं उठून जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "गजानन होता तोवर बोलता येत नव्हतं. ते तुझ्या फिटचं त्यानं सांगितलं नव्हतं."

मी कप उचलत होते. तशीच उभी राहिले.

"मग कोणी?"

"मीच घरी सांगितलं." तो खाली बघत होता. "आपलं ठरलं त्या आठवड्यात गजानन आमच्या वाडीत आला. आम्ही घड उतरवत होतो. सगळ्या गड्यांसमोर तो माझ्या पाया पडला. म्हणाला, तिला नेऊ नको, ती गेली तर मला काही उरत नाही. रडत होता. मी काय करणार? शब्द तर दिलेला. मोडायला कारण हवं. मला तेच सुचलं."

"दादाला माहीत होतं?"

"नंतर मी सांगितलं. त्यानं माझ्या थोबाडीत मारली. डाव्या हातानं, पण दात हलला. मग जाता जाता म्हणाला, कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

"का?"

"ते तो बोलला नाही."

मी त्याच्याजवळ खाली बसले. त्या दिवशी पेटीजवळ बसला होता तसाच बसला होता तो. मी विचारलं, "तुम्ही दोघांनी मिळून हे ठरवलंत. माझ्याशी कोणी का बोललं नाही?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला प्रश्नच कळला नाही, दादा. म्हणाला, "तुला काय विचारायचं त्यात?"

ह्या माणसासाठी मी हळद लावत होते.

तो गेल्यापासून मी हाच विचार करतेय. तू माझं नाव वाचवायला स्वतःचं पुढे केलंस म्हणावं, तर माझं नाव त्यानं वाचलं नाही. मी त्याला चांगला माणूस समजते, ते तसंच राहावं, म्हणून केलंस? की केळीच्या घडांमध्ये, गड्यांसमोर दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवलंस हे मला कळण्यापेक्षा मी तुला नीच समजलेलं तुला परवडलं? मी तुला ओळखते. दुसरंच असणार. पण पहिलं नसेल असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो भिंतीकडे तोंड करून गेला.

व्हॉल्व्हचं मी बोलले ते मागे घेत नाही. ते खरं होतं. पण त्या दुपारी मला हे ठाऊक असतं, तर त्याला जोडून आणखी काहीतरी बोलले असते. काय, ते आता माझं मलाच सांगत बसते.

तुला रडता येत होतं, हे मला परक्या माणसाकडून कळावं? पाया पडायचंच होतं, तर चुकीच्या माणसाच्या पडलास. माझ्या पडायचीही गरज नव्हती. वाडीत माझ्याशेजारी बसून एकदा म्हणायचं, "येसू, जाऊ नको." मी कदाचित गेलेच असते. शालू नेसून, तुझ्याकडे मागे वळून न बघता गेले असते. किंवा कदाचित तुला शिव्या घालत इथंच राहिले असते, आपल्या पायांनी, आपल्या मनानं. यातलं काय केलं असतं ते आज मलासुद्धा सांगता येत नाही, आणि दादा, तुझ्यावर माझा राग आहे तो एवढाच.